माघात या

लेकीच्या बालवर्गाच्या ग्रुपवर गुरुवारी रात्री साडेदहाला निरोप आला. सोमवारी 'ऑटम ॲक्टिव्हिटी'. लाल, केशरी, पिवळी पानं प्रत्येकी ५, पाइन कोन २ आणि घरी केलेला दालचिनीचा प्ले-डो. मुलांनी शरद ऋतू हाताळावा, हुंगावा, ऐकावा. खाली पालकांच्या अंगठ्यांची रांग. एक माझाही.

दसरा होऊन चार दिवस झालेले, दुपारी पारा ३२ वर. नुकता पाऊस संपल्यामुळे झाडं अशी माजलेली, की पिवळं पान दिसलंच तर त्याला कीड असायची. शनिवारी चिऊला घेऊन लॉ कॉलेजची टेकडी पालथी घातली. तासाभराची कमाई म्हणजे दोघांच्या मोज्यांत भरलेली कुसळं आणि एक गोगलगाय, तीही रिकामी. पाइन कोनऐवजी सुरूची बोंडं चालतील, असं मी परस्पर ठरवून टाकलं.

प्रभात रोडच्या एका गल्लीत मात्र देशी बदामाखाली तीन लालभडक पानं पडलेली दिसली. वाकलो, तोच फाटकामागून आवाज आला, "काय शोधताय?"

आजोबा वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक निघाले. पुढची वीस मिनिटं आम्ही उन्हात उभे. "थंड देशांत दिवस लहान होतो, गारठा पडतो, हरितद्रव्य मोडतं. मग दडलेला पिवळा दिसायला लागतो. लाल मात्र बऱ्याचदा पान नव्यानं तयार करतं. आपल्याकडची झाडं पानं गाळतात ती पाणी तुटायला लागल्यावर. शरदात कसली पानगळ? पानगळ शिशिरात. तुम्ही माघात या."

"सोमवारी द्यायचंय हो."

"मग हा बदाम न्या. याला ऋतूची फारशी शिस्त नाही." चिऊच्या हातातलं दसऱ्याचं सोनं त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. "आणि हा आपटा नव्हे, कांचन."

म्हणजे सोनंही खोटं.

प्ले-डोचं खातं आईकडे. दोन वाट्या मैद्याला एक वाटी मीठ म्हटल्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी वाटी खाली ठेवली. "हे खायचं नाहीये, आई." "मग मळायचं कशाला?" तरी तिने तेलाचा हात लावून गोळा असा मऊसूत मळला, की पोळ्यांना लाज वाटावी. वर दालचिनीची पूड. चिऊने डोळे मिटून हुंगलं आणि म्हणाली, "मसालेभात! तूप वाढ."

रविवारी पानांचे ठसे. पान उपडं ठेवायचं, म्हणजे शिरा वर येतात. त्यावर पातळ कागद, आणि साल काढलेला मेणाचा खडू आडवा धरून हलकेच घासायचा. मधली शीर उमटली, मग फाटे, मग त्यांच्यामधली बारीक जाळी. चिऊ श्वास रोखून बघत होती. पुढे तासभर तिने किसणी, मोरीची जाळी, दाराची कडी, सगळ्यांचे ठसे घेतले. आजीच्या हातावरच्या फुगलेल्या शिरांवरही कागद ठेवला, पण आजीला गुदगुल्या झाल्या.

सोमवारी दुपारी ग्रुपवर भिंतीचा फोटो आला. अप्पा बळवंत चौकातल्या कार्डपेपरची, एका साच्यातून काढावीत तशी मेपलची पानंच पानं. मधोमध आमच्या चिऊचा केशरी ठसा. टाचा झिजलेली, अंगठ्यासकट आजीची कोल्हापुरी चप्पल.

आईने माझ्या फोनवरून लगेच अंगठा दिला.