झरमॅटला स्वतःची इलेक्ट्रिक गाडी नेता येत नाही

स्वित्झर्लंडमध्ये स्कीइंगला जाणाऱ्यांसाठी फिरत असलेल्या एका संदेशात म्हटले आहे की, झरमॅटमध्ये केवळ पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना बंदी असल्याने भाड्याची इलेक्ट्रिक गाडी थेट हॉटेलच्या दारापर्यंत नेता येते. हे खरे नाही.

गावात इलेक्ट्रिक वाहने धावतात, हे संदेशातील विधान बरोबर आहे. मात्र ती हॉटेलांची, टॅक्सीचालकांची आणि व्यावसायिकांची, परवानगी घेतलेली, पेटीसारखी छोटी व संथ वाहने असून पर्यटकाच्या खासगी गाडीला, मग ती कोणत्याही इंधनावर चालणारी असो, तेथे प्रवेश नाही. झरमॅटच्या अलीकडच्या टॅश या गावापासून पुढचा सुमारे 5 किलोमीटरचा रस्ता परवानाधारकांसाठीच राखीव आहे. त्यामुळे गाडी टॅशच्या वाहनतळावर ठेवावी आणि तेथून सुमारे 12 मिनिटांच्या शटल रेल्वेने गावात पोहोचावे. खालच्या खोऱ्यातील फिस्प या शहराहून थेट येणारी रेल्वे 1891 पासून झरमॅटपर्यंत जाते, आणि माझ्या मते मुले व जड सामान बरोबर असताना तोच मार्ग अधिक सोयीचा आहे.

‘गावात वाहनेच नाहीत’ हा दुसरा समजही घातक आहे, कारण ही विजेवरची वाहने जवळजवळ आवाज न करता येतात आणि बर्फाळ गल्लीत लहान मुलांना त्यांची चाहूल लागत नाही. मुलांचा हात सोडू नये, ही कळकळीची विनंती.