‘काहीच नसण्यापेक्षा थोडं बरं’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की परदेशातल्या गरीब मुलांना इंग्रजी शिकवायला जाऊ पाहणाऱ्यांपुढे मी माझ्या लेखात अटींचा डोंगर उभा केला: प्रमाणपत्र, पोलिसांचा दाखला, शिफारसपत्रं, किमान मुदत. तो लेख वाचून तुमच्या एकोणीस वर्षांच्या भाच्याने अर्जाचा बेतच सोडून दिला. ‘त्या मुलांना काहीच मिळत नाही, मग दोन आठवडे का होईना, कुणी मायेने शिकवलं तर काय बिघडलं?’ असं तुम्ही विचारलंत.

भाच्याचं वाचून वाईट वाटलं. त्याने जाऊच नये असं मला म्हणायचं नव्हतं. तसं पोचलं असेल तर दोष माझ्या लिहिण्याचा. पण दोन आठवड्यांबद्दलचं मत मी बदलणार नाही, आणि ते का, हे नीट सांगायला हवं.

मी स्वतः पहिल्यांदा गेले ती अशीच, महिनाभरासाठी, काहीही तयारी नसताना. संस्थेने पैसे भरल्याची पावती तेवढी पाहिली. तिथे आठ-नऊ वर्षांच्या एका मुलीची वही माझ्या हाती आली. पहिल्या पानावर ‘माय नेम इज’, त्याखाली रंगांची नावं. चार पानं उलटली तर पुन्हा ‘माय नेम इज’, पुन्हा रंग, फक्त वर घालून दिलेला कित्ता दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात. असं सात वेळा. सात जण येऊन गेले होते आणि प्रत्येकाने श्रीगणेशाच केला होता. त्या सकाळी मीही रंगांचीच कार्डं घेऊन गेले होते. पहिलं कार्ड पिशवीतून निघायच्या आत तिने ‘रेड, ब्लू, ग्रीन, येलो’ एका दमात म्हणून टाकलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. पुढे काय घ्यायचं ते मला ठाऊक नव्हतं. त्या वहीतला आठवा कित्ता माझ्या अक्षरातला आहे.

मायेचं म्हणाल, तर ती मुलं लगेच लळा लावतात. पंधरा दिवसांनी आपण विमानात बसतो आणि तेच मूल पुढच्या पाहुण्याला बिलगतं. मुलांच्या निवासी संस्थांमध्ये तर गोष्ट याहून गंभीर होते. कंबोडियात २००५ नंतरच्या पाचच वर्षांत अनाथालयांची संख्या पाऊणपटीने वाढली, आणि युनिसेफच्या पाहणीनुसार तिथल्या दर चार मुलांपैकी तिघांचे आई-वडील किंवा दोघांपैकी एक जण हयात होते. परदेशी पाहुणे आणि त्यांच्या देणग्या येत राहतात म्हणून मुलं घरातून उचलून तिथे आणली जातात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१९ च्या ठरावात या प्रकाराची दखल घेतली. तुमचा भाचा चांगल्या मनानेच गेला असता, याबद्दल मला शंका नाही. पण त्याने भरलेले पैसे कुठल्या यंत्रणेत गेले असते, ते त्याला कळायला मार्ग नव्हता.

म्हणून मी दाराशी अडवणाऱ्या संस्थांच्या बाजूने बोलते. अमेरिकी सरकारची पीस कोअर ही संस्था १९६१ पासून परदेशी स्वयंसेवक पाठवते. तिथली मुदत सत्तावीस महिन्यांची, आणि त्यातले पहिले तीन महिने स्थानिक भाषा आणि कामाचं प्रशिक्षण. ती अमेरिकी नागरिकांपुरतीच आहे, पण मोजमाप म्हणून लक्षात ठेवण्यासारखी. ब्रिटनच्या व्हीएसओ या स्वयंसेवक पाठवणाऱ्या संस्थेने १९५८ मध्ये नुकत्याच शाळा संपवलेल्या मुलांना पाठवून सुरुवात केली होती, पुढे ती अनुभवी लोकांकडे वळली. पोलिसांचा दाखला मागणारी संस्था तुमच्या भाच्यावर संशय घेत नसते. ती मुलांजवळ जाणाऱ्या प्रत्येकाचाच दाखला बघते, आणि बघायलाच हवा.

प्रमाणपत्राच्या बाबतीत तुमचं निम्मं बरोबर आहे. सेल्टासारखा, इंग्रजी शिकवायचं प्रशिक्षण देणारा कोर्स महाग पडतो आणि त्यामुळे चांगली माणसं बाहेर राहतात, हे मी लेखात लिहायला हवं होतं. पण त्या कोर्सच्या किमान १२० तासांतले सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांपुढे शिकवायचं असतं, मागे प्रशिक्षक टिपणं घेत बसलेला. खरा उपयोग त्याचा. मी पेन उंच धरून ‘व्हॉट इज धिस?’ विचारलं, तेव्हा चाळीस मुलं आनंदाने ओरडली, ‘व्हॉट इज धिस!’ आधी स्वतःच विचारून स्वतःच उत्तर द्यावं, मग एका मुलाला पुढे बोलवावं, इतकी साधी गोष्टसुद्धा कुणी दाखवल्याशिवाय सुचत नाही. पैसे नसतील तर हे जवळच्या एखाद्या वर्गात, जाणत्या शिक्षकाला मागे बसवून शिकता येतं. त्याला सहा महिने द्यावेत.

आणि मग अर्ज करावा. अर्जात ‘मला मुलांची आवड आहे’ असं सगळेच लिहितात. त्याऐवजी त्याने एका तासाबद्दल लिहावं: काय शिकवायला गेला, कुठे फसलं, दुसऱ्या दिवशी काय बदललं. वेळ थोडाच असेल तर मुलांचा वर्ग मागू नये, तिथल्या शिक्षकाच्या हाताखाली काम मागावं. ते शिक्षक मागे राहणार असतात.

त्याआधी त्याने निवडलेल्या संस्थेला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. माझ्या आधीच्याने कुठपर्यंत शिकवलं, याची नोंद मला मिळेल का? भरलेल्या पैशांतले किती शाळेपर्यंत पोचतात? आणि व्हिसा कुठला? नेपाळमध्ये, उदाहरणार्थ, पर्यटक व्हिसावर विनामोबदला कामही चालत नाही. ‘टुरिस्ट म्हणून या, बाकी आम्ही बघतो’ असं उत्तर आलं, तर तिथे जाऊ नये.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर काय येतं ते मला जरूर कळवा. आणि त्याने अर्ज लिहिला तर पाठवायच्या आधी मला दाखवायला सांगा. मी ओळ न् ओळ वाचेन.