इकडील सर्व क्षेम

पदवी घेऊन वीस-पंचवीस वर्षं उलटली, की एक दिवस तुम्हाला न विचारता तुमचा नंबर जुन्या वर्गाच्या ग्रुपमध्ये घातला जातो. घाबरू नका. पहिले दोन दिवस नुसतं वाचा. कोण कुठवर पोचलाय याचा अंदाज येण्याआधी स्वतःबद्दल एक अक्षरही लिहिणं म्हणजे हातातली पानं न बघता डाव बोलणं.

तिसऱ्या दिवशी फर्मान निघेल, 'सगळ्यांनी आपापली माहिती टाका रे! काम काय, मुलं काय करतात, सगळं.' हे फर्मान काढणाऱ्याचं नुकतंच प्रमोशन झालेलं असतं.

आता मजकुराकडे वळू. नोकरी गेली असेल, तर 'स्वतःचं काहीतरी सुरू केलंय' असं लिहा. ते स्वतःचं काहीतरीही बसलं असेल, तर 'कन्सल्टिंग'. कन्सल्ट करायलाही कोणी येत नसेल, तर 'सध्या फॅमिलीला वेळ देतोय'. यावर भरपूर बदाम येतात. बँकेत असाल तर 'व्हाइस प्रेसिडेंट' हे बेधडक लिहा. मोठ्या बँकांत व्हाइस प्रेसिडेंट शेकड्यांनी असतात, पण बाहेरच्यांना ते ठाऊक नसतं आणि आतले बोलत नाहीत, कारण तेही तेच असतात.

मुलांच्या बाबतीत व्याकरण सांभाळा. मुलाला बक्षीस मिळालं तर 'आम्हाला' मिळालं. नाही मिळालं तर 'त्याची आवड वेगळी आहे'. कोणी 'आम्ही मुलीवर प्रेशर टाकत नाही' असं लिहिलं असेल, तर तिचा निकाल काय लागला हे विचारू नये. एवढी माणुसकी शिल्लक ठेवावी. घटस्फोट कळवण्याची तर पद्धतच नाही. तो फोटोतून माणूस वजा करून कळवतात.

तुलना करू नका, असं सांगणारे भेटतील. ते वरच्या फळीतले असतात. तुम्ही खुशाल करा, फक्त वर्ग नीट निवडा. 1938 मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थ्यांवर एक अभ्यास सुरू झाला. एकूण 268 तरुण निवडले आणि पुढे आयुष्यभर त्यांना प्रश्नावल्या पाठवल्या: तब्येत कशी आहे, काम कसं चाललंय, संसार कसा आहे. त्यातला एक जॉन केनेडी निघाला. उरलेल्या 267 जणांनी दर वेळी 'कामात प्रगती?' या रकान्यापाशी किती वेळ पेन धरून ठेवलं असेल, याचा विचार करा आणि तुमच्या वर्गातल्या त्या व्हाइस प्रेसिडेंटला मोकळ्या मनाने अभिनंदन कळवा. (चांगली नाती असलेले लोक म्हातारपणी जास्त सुखी आणि धडधाकट राहिले, असंही त्या अभ्यासातून निघालं. पण ते माहितीत कसं लिहिणार?)

प्रत्यक्ष भेट ठरली तर तयारीने जा. मानसशास्त्रज्ञ हॅरी बाहरिक आणि सहकाऱ्यांनी 1975 मध्ये छापलेल्या प्रयोगात लोकांना त्यांच्या शाळेतल्या वर्गमित्रांचे जुने फोटो दाखवले होते. शाळा सोडून तीसहून अधिक वर्षं झालेल्यांनीही दहातले नऊ चेहरे ओळखले. नाव आपणहून आठवायचं म्हटलं, की मात्र गाडी अडायची. तुमची पंचाईत याहून मोठी आहे, कारण त्या फोटोंत सगळ्यांना केस होते. तेव्हा लांबूनच हात पसरून 'काय साहेब, अगदी तसाच आहेस की!' म्हणा. साहेब म्हटलं की नाव लागत नाही.

आणि चौदा वर्षांत ज्याचा एक शब्द आला नाही, त्याचा रात्री साडेदहाला 'कसा आहेस मित्रा?' असा मेसेज आला तर गहिवरू नका. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्येच हे दाखवून ठेवलंय. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारलं, की ही ओळखीची माणसं तुम्हाला किती वेळा भेटायची? पाचातल्या चारांहून जास्त जण म्हणाले, अधूनमधून किंवा क्वचितच. रोजच्या मित्राला तुमच्याइतकंच ठाऊक असतं, लांबच्याला वेगळं काहीतरी. तेव्हा मित्राच्या दुसऱ्या मेसेजची वाट बघा. बायोडेटा त्यातच असतो.

ग्रुपमध्ये एक जण असा असतोच, जो स्वतःबद्दल काहीच लिहीत नाही. त्याचं बरं चाललेलं नसणार, असं सगळ्यांनी मनात धरलेलं असतं. मीही धरलं होतं. परवा मोठ्या मनाने त्याला वेगळा मेसेज टाकला, 'काय रे, कुठे गायब? काही मदत लागली तर सांग.'

बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं, थांबलं, परत दिसलं. मग उत्तर आलं.

'आहे इथेच. तुझं ते "स्वतःचं काहीतरी" वाचलं. तुझा बायोडेटा मागच्या महिन्यात माझ्या टेबलावर आला होता. बघतो काय जमतंय ते.'

मी त्याला बदाम पाठवला.