चक्क्यावरचं वजन आणि दाराचं भोक

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या जुन्या घरात बेडरूमच्या दाराला कडी होती ती गंजून एक दिवस हातातच आली, आणि तेव्हापासून वारा आला की दार आपोआप उघडतं. आता बायकोची ऑफिसची व्हिडिओ मीटिंग चालू असताना मागे बाबा बनियनवर टॉवेल शोधत फिरताना दिसले, त्याला वाऱ्याशिवाय कोण जबाबदार? पण जबाबदारी माझ्यावर आली. नवीन लॉक लाव, आजच.

मी सियागंज बाजारात जाऊन गोल नॉबचं लॉक घेऊन आलो. मिस्त्रीला फोन केला तर तो म्हणाला परसों, आणि इंदुरात मिस्त्रीचा परसों म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे त्यालाच माहीत. तेवढ्यात मला माळ्यावरची आतोबांची पेटी आठवली. आतोबा सत्तरच्या दशकात अमेरिकेला होते, येताना तिकडची हत्यारं घेऊन आले, त्यातलं उरलंसुरलं आमच्याकडे. पेटीत गिरमिट सापडलं, रंधा सापडला, पण एक वस्तू नव्हती. ती स्वयंपाकघरात होती. आई वर्षानुवर्षं ती फडक्यात गुंडाळून चक्क्यावर वजन म्हणून ठेवते, श्रीखंड घट्ट होतं म्हणे.

लोखंडाचं दोन किलोचं धूड. एका बाजूला शिकंजासारखा स्क्रू, आणि काटकोनात दोन गोल नळ्या, एक मोठी एक छोटी. बाबा म्हणाले शेवयाच्या मशीनचा भाग. शेजारच्या काकू म्हणाल्या ज्यूसर. मी मुलाच्या कंपासमधली पट्टी लावली: मोठी नळी 54 मिलिमीटर, छोटी 25. आणि त्याचं अंग घासून पाहिलं तर गंजाखाली आकडे, 2⅜ आणि 2¾ इंच. लॉकच्या डब्यावर काय लिहिलं होतं? 60! आणि 2⅜ इंच म्हणजे 60 मिलिमीटरच की हो, आणि 2¾ म्हणजे 70. दाराच्या कडेपासून नॉबच्या मधापर्यंतचं अंतर, बॅकसेट म्हणतात त्याला. म्हणजे हे लॉक बसवायचं जिग, भोकं नेमक्या जागी पडावीत म्हणून दाराला आवळायचा साचा! मोठ्या नळीतून नॉबचं भोक पडणार, छोटीतून कडेला लॅचचं, म्हणजे चौकटीत अडकणाऱ्या जिभेचं, आणि दोन्ही बरोबर एकमेकांना भेटणार. हे गोल नॉबवालं लॉक 1920च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉल्टर श्लेगने काढलं, त्याआधी दाराच्या कडेला छिन्नीने खोल खाच कोरत बसावं लागायचं. मी हे सगळं आईला उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, ते ठीक आहे, पण संध्याकाळपर्यंत परत दे, दही बांधलंय.

आता हवी ड्रिलला लावायची होल सॉ, म्हणजे गोल भोक कापणारी करवत. परत सियागंज. दुकानदार म्हणाला, "भिया, 54 नी है, 50 ले लो, बाद में थोड़ा घिस देना." घेतली. (इथे शहाण्या माणसाने परत फिरायला हवं होतं, मी मात्र समोर पोहे खाल्ले, जीरावन, म्हणजे आमचा इंदुरी मसाला, जास्त घालून.)

घरी जिग दाराला आवळलं. दार सागवानी, 38 मिलिमीटर जाड, शिकंजा मस्त बसला. पण तो अंतराचा खटका 2¾ वर गंजून घट्ट, तेल घातलं, ठोकलं, बाबांनी शिव्या दिल्या, हलला नाही. मी म्हटलं जाऊ दे, दहा मिलिमीटरने काय होतंय.

सॉ 50ची आणि नळी 54ची, त्यामुळे ती आत लग्नातल्या पाहुण्यासारखी इकडेतिकडे हलत होती. पण एक गोष्ट मी बरोबर केली, लिहून ठेवतो कारण घरात कुणी म्हणणार नाही: एका बाजूने मधल्या ड्रिलचं टोक पलीकडे दिसेपर्यंतच कापलं आणि मग उरलेलं दुसऱ्या बाजूने. सगळं एकाच बाजूने केलं असतं तर पलीकडचं लाकूड फाटलं असतं. आतून निघालेली भोकाची चकती मुलाने त्याच्या गाडीचं चाक म्हणून उचलली, तीन चाकं अजून हवीत म्हणतो. मग कडेचं भोक, मग कानस घेऊन तासभर घासणं, मग नॉब बसला.

फिरवला. फिरला! छान गोल फिरला, दोन्ही बाजूंनी फिरला, आणि लॅच ढिम्म. लॅच 60चा, भोक 70वर, म्हणजे लॅचचं शेपूट नॉबच्या मधापर्यंत पोचतच नाही, बरोबर दहा मिलिमीटर कमी. आणि भोक काही सरकवता येत नाही, लाकूड तर चाक होऊन हॉलमध्ये फिरतंय. 60-70 दोन्हीला चालणारा लॅच मिळतो, दुकानदार म्हणाला कल आएगा.

तोवर नॉब काढून भोकात आईच्या जुन्या पातळाचा बोळा घातलाय. मीटिंग चालू असताना मुलगा तो ओढून आत डोळा लावतो, बाबा दाराला पाठ लावून पेपर वाचत बसतात म्हणजे दार उघडत नाही, आणि जिग संध्याकाळी साडेसहालाच परत चक्क्यावर गेलं.