बातम्यांवरची श्रद्धा कशी जपावी

बातम्या बघून रोज वेळेवर रक्त उसळतं, शत्रू कोण ते आयतं कळतं, असं तुमचं सुरळीत चाललं असेल तर एवढं पथ्य पाळा: बातम्यांची टर उडवणारे कार्यक्रम बघू नका.

त्यांची चटक लागली की बातमी सरळ ऐकूच येत नाही. निवेदक 'सूत्रांच्या माहितीनुसार' म्हणाला की 'कोणती सूत्रं?' असा किडा वळवळतो. खालच्या पट्टीवर 'महायुद्धाची नांदी?' झळकलं की नजर प्रश्नचिन्हावर अडकते. रात्री कुलूपबंद कचेरीसमोर उभा राहून वार्ताहर 'इथली ताजी परिस्थिती' सांगायला लागला की तुम्हाला फक्त कुलूप दिसतं. आणि हसू फुटतं. हसणारा प्रेक्षक चॅनेलच्या काय कामाचा? जाहिरात संपेपर्यंत जीव मुठीत धरून बसायला हवं ना!

सगळ्यात वाईट खोड जुन्या चित्रफितींची. विनोदवीर जॉन स्टुअर्ट १९९९ साली अमेरिकेतल्या 'द डेली शो' या असल्याच टर उडवणाऱ्या कार्यक्रमावर आला आणि त्याने ही खोड घरोघरी पोचवली. आधी नेत्याचं आजचं वाक्य, पाठोपाठ त्याच नेत्याचं जुनं, बरोब्बर उलटं वाक्य. मग स्टुअर्ट नुसता कॅमेऱ्याकडे बघणार. खरं तर हे काम बातमीदाराचं. पण जुनी चित्रफीत शोधायला माणूस बसवावा लागतो. चार पाहुणे आणून झुंजवणं त्याहून स्वस्त.

नामवंतांवर तरी विश्वास ठेवू म्हणाल, तर १९९७ मध्ये ब्रिटनच्या चॅनेल फोरवरच्या 'ब्रास आय' या बातम्यांची टर उडवणाऱ्या कार्यक्रमाने तीही सोय ठेवली नाही. कार्यक्रमवाल्यांनी 'केक' नावाचं अस्तित्वातच नसलेलं अमली द्रव्य रचलं. भलीथोरली पिवळी गोळी दाखवत प्रसिद्ध मंडळी गंभीर चेहऱ्याने इशारे देत होती. हे द्रव्य मेंदूच्या 'शॅटनर्स बसून' या भागावर परिणाम करतं, असंही एकाने सांगितलं. (बसून हे फुंकून वाजवायचं वाद्य आहे.) एका खासदाराने तर थेट संसदेत प्रश्न विचारला. समोर आलेला कागद वाचण्याआधी एखाद्या डॉक्टरला फोन करावा, असं काही त्यांना सुचलं नाही. हे बघितल्यावर पुढचा 'तज्ज्ञ' तुम्ही भक्तिभावाने कसा ऐकणार?

ऑक्टोबर २००४ मध्ये सीएनएनने स्टुअर्टला 'क्रॉसफायर' या वादाच्या कार्यक्रमात बोलावलं. तुम्ही देशाचं नुकसान करताय, थांबवा हे, असं त्याने यजमानांना तोंडावर सुनावलं. तूही राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला सोपेच प्रश्न विचारलेस, असं ते उलटले, तर म्हणाला, माझ्या कार्यक्रमाच्या आधी बाहुल्या फोनवर लोकांची फिरकी घेतात! गंमत करशील म्हणून तुला बोलावलं होतं, ही यजमानांची तक्रार. जानेवारी २००५ मध्ये सीएनएनने तो कार्यक्रमच गुंडाळायचं ठरवलं. बघा, भरल्या घरात विदूषक शिरला की काय होतं ते.

आता चुकून बघणं झालंच असेल, तर उतारा आहे. 'सगळेच विकले गेलेत' म्हणायचं आणि कूस बदलायची. कोणती बातमी दाबली, कोणती फुगवली, पैसा कुणाचा, असल्या चौकशा करायच्या नाहीत. हा उतारा इतका गुणकारी आहे की खुद्द चॅनेलवाल्यांचीही त्याला हरकत नसते.