फुकटचा शर्ट आणि न घेतलेलं माप

ब्रिटनमध्ये अपंग माणसाला मिळणाऱ्या सरकारी भत्त्याच्या अर्जात कपड्यांचा एक प्रश्न असतो. 'पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट' हे त्या भत्त्याचं नाव. रोजच्या जगण्यातल्या दहा गोष्टी तपासतात. स्वयंपाक, जेवण, अंघोळ यांच्या रांगेत कपडे घालणं-काढणं हीही एक. त्यासाठी एखादं साधन लागत असेल तर २ गुण. मुळीच जमत नसेल तर ८. सगळ्याचे मिळून ८ गुण भरले की भत्ता सुरू, १२ भरले की वाढीव दर. मी लेस्टरमध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. पक्षाघातातून उठलेल्या पेशंटना पुन्हा कपडे घालायला शिकवणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे हा हिशेब तोंडपाठ झालाय.

हिशेब अपमानाचाच आहे. आपल्याला काय काय जमत नाही ते परक्या माणसाला पटवून द्यायचं, आणि एखाद्या दिवशी बरं वाटलं तर तेही बोलायची चोरी. त्यातून २०२५च्या मार्चमध्ये इथल्या सरकारने अट आणखी आवळायचं ठरवलं: कुठल्या तरी एका कामात किमान ४ गुण हवेतच. म्हणजे चार ठिकाणी दोन-दोन गुण मिळालेला माणूस बाद. सत्ताधारी पक्षाचेच खासदार उलटले, तेव्हा जुलैमध्ये ती अट मागे घेतली गेली. या सगळ्याचा मला राग आहेच. तरी एवढं मान्य करते की शर्टाचं बटण लावता येणं न येणं हा इथे देशाच्या तिजोरीचा विषय होऊ शकतो. आपल्याकडे तो घरातला विषय असतो, आणि घरातही बहुतेक वेळा एकाच बाईचा.

आता घरचं सांगते. शहापूरच्या (बेळगावच्या, तिकडे यादगीरकडच्या नव्हे) आमच्या गल्लीतल्या मंडळाने ३ डिसेंबरला, जागतिक अपंग दिनाला, कपडे वाटायचं ठरवलं. पुरुषांना तयार शर्ट, बायकांना साडी, स्टेजवर बोलावून, पाहुण्यांच्या हस्ते. एका कार्यकर्त्याचा थोरला भाऊ पोलिओचा. तो कार्यकर्ता म्हणाला, आधी ज्यांना द्यायचं त्यांना विचारूया, मापं घेऊया. झालं, तिथून जुंपली. "फुकट देऊलाव, वर मापं पण घ्यायची काय?" असा एक सूर. दुसरीकडे दोन-तीन शिकलेली पोरं चुंबकी बटणांच्या शर्टांचे परदेशी व्हिडिओ टाकत सुटली, की बघा, जग कुठं गेलंय आणि आपण कुठं. मग दोन्हीकडच्यांना माझी आठवण झाली. "अक्का, तिकडं कसं असतं ते सांगा की."

तिकडचं सांगते, पण आधी कपड्यांबद्दलच बोलायला हवं, कारण या वादात कपडा असा कुणी पाहिलेलाच दिसत नाही.

भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला. रोग गेला, पण त्याने ज्यांचे पाय नेले ती माणसं आज चाळिशी-पन्नाशीत आहेत, कॅलिपर (पायाला आधार देणारा लोखंडी सांगाडा) घालून कामावर जातात. कॅलिपरला गुडघ्याशी लोखंडी कुलूप असतं. उभं राहताना ते लावायचं, बसताना हाताने सोडवायचं, आणि तेही पँटच्या कापडावरून चाचपत. त्या जागी पँट घासून घासून फाटते. उपाय सोपा आहे: गुडघ्याला आतून जाड कापडाचं अस्तर आणि बाजूच्या शिवणीत एक लांब चेन. कुठल्याही बऱ्या टेलरचं हे तासाभराचं काम. पण स्टेजवर शर्टच वाटायचे ठरलेत. पँट कुणाच्या मनातच आली नाही.

व्हीलचेअरवर बसणाऱ्या माणसाची पँट उभ्या माणसाच्या मापाने शिवली तर ती मागून खाली सरकते आणि पुढे पोटावर गोळा होते. म्हणून मागची उंची वाढवायची, पुढची कमी करायची, मागचे खिसे काढून टाकायचे. बसायच्या जागी जाड शिवण, रिव्हेट, बटण काहीही नको. पाठीच्या कण्याला इजा झालेल्याला कमरेखाली टोचलेलं कळत नाही. एक खिशाचं बटण दिवसभर खाली राहिलं तर संध्याकाळपर्यंत जखमेची सुरुवात झालेली असते, आणि ती भरायला महिने जातात. साडीचंही तसंच. परकराच्या चुण्यांचा बोळा खाली नको, पदर चाकात जायला नको, निऱ्या आधीच टाचलेल्या हव्यात, कमरेला नाडीऐवजी रुंद इलास्टिक हवं. एका हाताने चालवून घेणाऱ्या बाईला ब्लाउजचे हुक लावता येत नाहीत; तिथे आत वेल्क्रो आणि वरून नुसते दिखाऊ हुक शिवले तर बाहेरून फरक कळतही नाही. आणि तिला तो कळायला नकोच असतो! सोयीचा कपडा सोयीचा आहे असं दिसता कामा नये, हे मला माझ्या जवळजवळ प्रत्येक पेशंटने सांगितलंय, गोऱ्यानेही आणि इथल्या गुजराती पेशंटनेही.

"आपल्याकडे गाऊन आहे की, लुंगी आहे की, कशाला एवढं?" हा प्रश्न येणार, आलाच. गाऊनचं मला जरा सविस्तर बोलायचंय. आमच्या शेजारच्या काकूंना लकवा झाला तेव्हापासून त्या गाऊनमध्येच आहेत. घालायला सोपा, काढायला सोपा, धुवायला सोपा. कुणाला सोपा? सुनेला. तिला दोष देत नाही, ती बिचारी दोन शिफ्टमध्ये राबते. पण गाऊनवर काकू हळदीकुंकवाला जात नाहीत, बँकेत जात नाहीत, कपिलेश्वराला जात नाहीत. घरात कुणी आलं तर त्या आतल्या खोलीत. एका कपड्याने त्यांचं बाहेर जाणं बंद झालंय आणि घरात कुणालाच ते जाणवत नाही, कारण काकू कधी तक्रार करत नाहीत. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने २०१८ मध्ये यावरच मोहीम चालवली: पेशंटना दवाखान्याच्या झग्यात लोळत ठेवू नका, त्यांना स्वतःच्या कपड्यांत उठवून बसवा, चालवा. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या स्नायूंची ताकद झपाट्याने जाते, आणि झगा अंगावर असला की माणूस अंथरुणातच राहतो. आमच्या वॉर्डात पहिला धडा असतो तो हाच: घालताना लुळा हात आधी बाहीत, काढताना शेवटी. अर्धा तास लागला तरी चालेल, बटण पेशंटनेच लावायचं. नातेवाईक मदतीला धावले की त्यांना आम्ही गोड बोलून बाहेर चहाला पाठवतो.

तर आता तिकडचं. अमेरिकेत टॉमी हिलफिगरने २०१६ मध्ये अपंग मुलांसाठी कपडे आणले. इथे मार्क्स अँड स्पेन्सरने २०१८ मध्ये मुलांसाठी आणले. प्रायमार्कसारख्या स्वस्त दुकानाने जानेवारी २०२५ मध्ये ४९ कपड्यांची मालिका काढली, आणि ती करताना व्हिक्टोरिया जेन्किन्स या स्वतः अपंग असलेल्या डिझायनरला सोबत घेतलं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. शिवाय खास अपंगांसाठी बनवलेल्या कपड्यावर दीर्घकाळचं अपंगत्व असलेल्या ग्राहकाला विक्रीकर माफ असतो. हे सगळं चांगलंच आहे.

पण व्हिडिओत न दिसणारं काही सांगते. चुंबकी बटणं हृदयाला पेसमेकर असलेल्याने वापरायची नसतात, हे त्या शर्टांवरच लिहिलेलं असतं. आणि पक्षाघाताच्या म्हाताऱ्या पेशंटमध्ये पेसमेकरवाले कमी नाहीत. वेल्क्रो धुताना इतर कपड्यांना चिकटतो, त्यात सुताचे धागे अडकतात आणि काही महिन्यांत त्याची पकड जाते. (ज्या घरात माग चालतो, तिथे तर बोलायलाच नको.) आणि सगळ्यात मोठी अडचण: तयार कपडा तयारच असतो. दोन माणसांचं अपंगत्व सारखं नसतं. एकाचा उजवा हात जातो, एकाचा डावा. एकीला पाठीला बाक, एकीच्या पोटाला नळी. थोडा फेरफार करून घ्यायचा तर लेस्टरसारख्या कपड्यांच्या जुन्या शहरातही एक चेन बदलायला जवळपास नव्या शर्टाइतके पैसे पडतात. माझे निम्मे पेशंट शेवटी दोन साइझ मोठा टी-शर्ट घालून गप्प बसतात.

बेळगावात उलट आहे. वडगाव, खासबाग, शहापूर इथे अजून यंत्रमाग चालतात. सांगाल त्या लांबीची, सांगाल त्या काठाची साडी मागावर लावता येते. पाच-सहा वारांऐवजी बसणाऱ्या बाईला पुरेल एवढीच आणि वजनाला हलकी साडी विणायला वेगळं तंत्रज्ञान लागत नाही. प्रत्येक गल्लीत टेलर आहे, आणि तो तुमच्या तीन पिढ्यांची मापं ओळखतो. चेन्नईत, कोलकात्यात अपंगांसाठी कपडे शिवणारे छोटे उद्योग उभे राहिलेतच. कोलकात्याच्या 'झ्येनिका'ची सुरुवात तर सौमिता बसू यांना स्वतःला आजारपणात कपडे घालता येईनासे झाले, तिथून झाली. मग बेळगावात का नाही? गिऱ्हाईक नाही म्हणू नका. २०११च्या जनगणनेने देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले होते, आणि त्या यादीत लकवा झालेल्या किती सासवा धरल्या गेल्या असतील देव जाणे.

कारण मला वाटतं एवढंच: आपण त्या माणसाला गिऱ्हाईक मानत नाही. खडेबाजारात व्हीलचेअरवरच्या बाईला घेऊन साडीच्या दुकानात जा. सेल्समन साड्या तिच्या भावाला दाखवतो. "यांना कुठल्या रंगात दाखवू?" ब्रिटनही फार निराळं नव्हतं. इथे बीबीसी रेडिओवर १९७७ ते १९९८ अपंगांसाठी एक कार्यक्रम चालला, त्याचं नावच होतं 'हे चहात साखर घेतात का?', कारण लोक तो प्रश्न अपंग माणसाला सोडून त्याच्या सोबत्याला विचारायचे. हे मोडायला इथल्या अपंगांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं. अपंगांशी भेदभाव करायला बंदी घालणारा १९९५चा कायदा, मग २०१० चा समानतेचा, ते त्या भांडणातून आले.

कायदे आपल्याकडेही आहेत. २०१६च्या अपंग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. त्यातलं ४३ वं कलम सांगतं की सर्वांना वापरता येतील अशा वस्तूंचं उत्पादन आणि वाटप वाढावं म्हणून सरकारने पावलं उचलावीत. लोकांची ये-जा असलेल्या खासगी इमारतीही या कायद्यात येतात. तरी नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सरकारला सुनवावं लागलं की सुगमतेचे, म्हणजे अपंगांना सगळीकडे सहज वावरता यावं यासाठीचे, नियम नुसते सल्ल्यासारखे ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक करा.

आणि इथे सीमाभागातला माणूस म्हणून मला एक बोचरं बोलायचंय. २०२४ मध्येच कर्नाटकाने दुकानाच्या पाटीचा ६० टक्के भाग कन्नडमध्ये सक्तीचा केला. त्यावर माझं मत बेळगावच्या कुठल्याही मराठी बाईचं असतं तेच आहे. पण त्या प्रकरणातून एवढं दिसलं की सरकारने मनावर घेतलं तर दुकानाचं तोंड बदलतं. अधिकारी फिरतात, नोटिसा निघतात. त्याच पाटीखालच्या तीन पायऱ्यांसाठी मात्र कुणी फिरत नाही. आणि आपल्याही मोर्चात, मराठीतून कागद द्या या रास्त मागणीच्या जोडीला, रॅम्पची मागणी कधी माझ्या कानावर पडली नाही. बेळगावजवळच्या येळ्ळूर-कडोलीच्या ज्या अपंग माणसाला कन्नड वाचता येत नाही, त्याच्या वाट्याला न कळणारा अर्जही येतो आणि न चढता येणारी पायरीही. कर्नाटकात बायकांना २०२३ पासून सरकारी बसचा प्रवास फुकट झाला, उत्तम झालं. पण तिकीट फुकट झालं म्हणून बसची पायरी खाली येत नाही.

मंडळाला मी कळवलंय ते असं. तयार शर्ट घेऊ नका. आपल्याच भागातल्या दोन-तीन टेलरांशी बोलून शिलाई आणि फेरफाराची कूपनं काढा. कापड ज्याने त्याने दुकानात जाऊन निवडावं, बिल मंडळाने भरावं. कर्नाटकात ग्रामपंचायतींकडे अपंगांसाठी पुनर्वसन कार्यकर्ते असतात, ते बहुतेक स्वतः अपंग असतात; कुणाला काय लागतं ते त्यांना विचारा, आपापसांत ठरवू नका. टेलरला पहिल्या दिवशी त्या कार्यकर्त्याच्या भावासोबत बसवा, म्हणजे कॅलिपरचं कुलूप त्याला हाताने कळेल. मापं घ्यायला आडोसा हवा, बायकांची मापं बाईने घ्यावीत. ज्याला नवं नको, जुन्याच चार पँट दुरुस्त करून हव्यात, त्याचं कूपन दुरुस्तीलाही चालावं.

उत्तर आलं: "सगळं बरोबर आहे खरं, अक्का, मग स्टेजवर काय द्यायचं? पाहुण्यांना बोलावलंय." पाहुण्यांना शालच द्या, म्हटलं, त्यांना माप लागत नाही. यंदाची माझी वर्गणी मी मंडळाच्या खात्यावर न टाकता त्या टेलरांकडे पाठवणार आहे, हेही सांगून ठेवलंय.