विमान 70 मीटरवर, मग इमारतीची भीती कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

मुंबई विमानतळाभोवतीच्या उंच इमारतींवरील माझा लेख विनाकारण भीती पसरवतो, घाटकोपरवरून उतरणारे विमान इमारतींच्या कितीतरी वर असते आणि आजवर एकही विमान धडकलेले नसताना रहिवाशांच्या घरांवर हातोडा कशासाठी, असा आपला आक्षेप आहे. आपले निरीक्षण चुकीचे नाही. धावपट्टीच्या टोकापासून साधारण एक किलोमीटरवर, 3 अंशांच्या उताराने येणारे विमान सुमारे 70 मीटर उंचीवर असते. तेथे बांधकामाची मर्यादा मात्र 50 मीटरला 1 मीटर या चढाने मोजली जात असल्यामुळे जेमतेम 20 मीटर भरते.

परंतु ही मर्यादा सगळे सुरळीत असलेल्या दिवसासाठी आखलेली नाही. वारा फिरला की त्याच घाटकोपरच्या दिशेने उड्डाणेही होतात. दोन इंजिनांच्या विमानाचे एक इंजिन त्या वेळी बंद पडले, तर चाके आत घेतल्यानंतर त्याच्याकडून किमान 2.4 टक्के चढाचीच हमी धरलेली असते, म्हणजे 1,000 मीटर पुढे जाताना केवळ 24 मीटर. वाटेत त्याहून उंच अडथळा असेल, तर विमान कंपनीला भार कमी करूनच उड्डाण करावे लागते; उतरण्याच्या बाजूला अडथळा असेल, तर विमान जेथून पुढे टेकू शकते ती रेषा आत सरकवून धावपट्टीची उपयुक्त लांबी घटवावी लागते. विमाने धडकत नाहीत, ती अशी किंमत मोजली जाते म्हणून.

अहमदाबादच्या 12 जून 2025 च्या अपघाताचा उल्लेख मी टाळला, हेही आपल्याला खटकले आहे. तो मी जाणूनबुजून टाळला. ते विमान वसतिगृहावर कोसळले हे खरे, पण वसतिगृह उंच होते म्हणून ते कोसळले नाही, आणि माझ्या मुद्द्याला बळ यावे म्हणून असा दाखला वापरणे मला प्रशस्त वाटत नाही.

रहिवाशांविषयीचा आपला मुद्दा मात्र मला मान्य आहे. जुलै 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने 48 इमारतींचे मर्यादेबाहेरील भाग पाडण्यास सांगितले, तेव्हा वरच्या मजल्यावर घर घेणाऱ्याने समुद्रसपाटीपासूनची उंची मोजून पाहायला हवी होती, अशी अपेक्षा कोणीही करू शकत नाही. 2015 च्या नियमांनुसार विमानतळ प्राधिकरण ना-हरकत प्रमाणपत्र देते. त्यातील उंचीत पाण्याची टाकी, लिफ्टची खोली आणि अँटेनाही धरलेले असतात, आणि जागेची उंची व अक्षांश-रेखांश अर्जदारानेच सादर केलेले असतात. तेथेच चूक किंवा लबाडी शिरली, तर पुढचा सगळा हिशेब कोसळतो. म्हणून भोगवटा प्रमाणपत्र देण्यापूर्वी माथ्याची उंची त्रयस्थाकडून मोजून घेतली पाहिजे आणि मजले उतरवण्याचा खर्च विकासकाकडून वसूल झाला पाहिजे, असे माझे मत आहे. विमानतळ नवी मुंबईला हलवण्याचा आपला उपाय सोपा वाटतो, पण सांताक्रूझची धावपट्टी वापरात आहे तोवर तिच्याभोवतीची मर्यादाही राहणारच.

शेवटी एक कबुली. विमानतळाच्या 4 किलोमीटरच्या परिघात 45 मीटरपर्यंत बांधता येते, असे मी सरसकट लिहिले होते. ते चूक होते. हे 45 मीटर विमानतळाच्या पातळीपासून मोजतात, आपल्या अंगणापासून नव्हे. टेकडीवरची जमीन धावपट्टीपेक्षा 30 मीटर उंच असेल, तर इमारतीला 15 मीटरच उरतात. शिवाय धावपट्टीच्या समोरच्या पट्ट्यात मर्यादा याहूनही खाली येते. मूळ लेखातील ते वाक्य आज दुरुस्त केले आहे.